पाणबुड्याचं की वैमानिकाचं?

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना एक थरथर अजून आठवते. विनूच्या डाव्या मनगटाच्या थोडं वर, कातडीखाली, ती अखंड चालायची. मांडीवर येऊन बसलेल्या मांजराची घुरघुर कानाआधी तळहाताला कळावी, तशी. पहिल्यांदा त्यानेच माझी बोटं धरून तिथे टेकवली होती. "लाव न हात, दादा. पाह्य, मोटार चालू हाये!" मी हात झटकन मागे घेतला आणि तो खदखदून हसला. रक्ताचा तो अविरत, उतावळा ओघ निसर्गाने घडवलेला नव्हता. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शल्यविशारदाने शीर आणि धमनी एकमेकींना जोडून दिल्या होत्या. फिस्टुला म्हणतात त्याला. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. असता तरी तो मला उच्चारायला आवडला नसता.

विनू माझा धाकटा भाऊ. आमचं घराणं कागदावर जगणारं. वडील कोर्टात कारकून, मी इथल्याच कॉलेजात मराठीचा प्राध्यापक. विनू मात्र दहावीला गणितात आपटला आणि त्याने जे हात तारेत घातले ते कायमचेच. पांढरकवड्याच्या हायवेवर, जिथे हैदराबादकडे जाणारे ट्रक टायर थंड करायला थांबतात, तिथे त्याचं दुकान. तो जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे आतली काळी पडलेली तांब्याची तार उसवून नवी गुंडाळायचा. केळापूरकडच्या वावरांतल्या विहिरींत आणि बोअरमध्ये जे पंप वर्षानुवर्षं पाण्याखाली गुमान राबतात, त्यांतले निम्मे तरी विनूच्या हातून गेलेले. अख्ख्या तालुक्याला पाणी पाजणाऱ्या या माणसाला डॉक्टरांनी दिवसाला तीन पेले पाणी बांधून दिलं होतं. स्टीलचे, छोटे, मुंजीत वाटतात तसले पेले. चौथा प्यायला की पायांवर सूज आणि छातीत धाप! आमच्याकडचा मे महिना तुम्ही पाहिला आहे का? दुपारी पत्रा तापून कुरकुरतो, नि रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. त्या मे महिन्यात तीन पेले.

आता घड्याळाकडे येतो, कारण सांगायचं आहे ते घड्याळाबद्दलच. म्हणजे तुम्हाला तसं वाटेल. मलाही चौदा महिने तसंच वाटत होतं.

फिस्टुलाच्या हातावर काही घट्ट बांधायचं नाही, असा दंडक. घड्याळ नको, कडं नको, त्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नको. विनूने तीस वर्षं डाव्या मनगटावर बांधलेलं सेलचं घड्याळ काढून ठेवलं, तेव्हा त्याच्या उन्हाने करपलेल्या हातावर एक गोरा पट्टा उघडा पडला. "उजव्या हातात बांधाचंच हाये, त मंग नवंच घेतो," तो म्हणाला. "अन् सेलचं नाही. सेल काय, कोनं घातला त चालते, नाही घातला त बंद. मले चावीचं पाह्यजे, नाही त हात हालला की चालनारं. मी हाललो त तेनं हालावं." या वाक्यावर मी एखादं प्राध्यापकी भाष्य करायला तोंड उघडलं होतं. नशीब, मिटलं.

त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो होतो. विनू, त्याची बायको शोभा आणि मी. मोठ्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून विचारलं, मूत्रपिंड देणारं कोण आहे? आईवडील नाहीत. शोभाचा रक्तगट जुळत नव्हता. माझा जुळत होता. "मी आहे ना!" मी म्हणालो. केवढ्या खणखणीत आवाजात म्हणालो ते! स्नेहसंमेलनात अध्यक्षपद स्वीकारावं तसं. शोभाने तिथेच, डॉक्टरांच्या देखत, वाकून मला नमस्कार केला. विनूने खुर्ची माझ्याकडे थोडी सरकवली. पुढच्या तपासण्यांसाठी तुमच्या सोयीने या, असं डॉक्टर म्हणाले. सोयीने! माझ्यासारख्या भित्र्याच्या हाती याहून घातक शब्द कुणी देऊ नये.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. मी चहा घेतला, विनूने त्याच्या वाट्याचे दोन घोट. मग त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दोन घड्याळं शेजारी शेजारी होती, दोन्ही यंत्रावर चालणारी, एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीत मिळणारी. एक पाणबुड्यांसाठी घडवलेलं, दुसरं वैमानिकांसाठी. "सांग दादा, कोन्तं घ्यू?" वास्तविक तो क्षण दुसरंच काही बोलायचा होता. मी म्हणायला हवं होतं, विनू, मी हो म्हणून बसलो खरा, पण माझ्याच्याने हे होईल असं वाटत नाही. त्याऐवजी मी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि म्हणालो, "बघू दे नीट." त्या दिवसापासून आम्ही दोघं भाऊ नीट बघत बसलो.

दर शनिवारी मी त्याच्यासोबत यवतमाळला जायचो. मंगळवारी शोभा, शनिवारी मी. सागाच्या जंगलातून जाणारा तो रस्ता, खिडकीबाहेर पानगळीने उघडीवाघडी पडलेली झाडं, आणि आत आमचं घड्याळपुराण. चार तास तो यंत्राला जोडलेला असायचा. त्याचं रक्त त्या पारदर्शक नळ्यांतून बाहेर जाऊन परत यायचं आणि तो उजव्या हाताच्या अंगठ्याने पडदा सरकवत राहायचा. पाणबुड्याच्या घड्याळावर त्याचा जीव जडला होता. का जडणार नाही? पाण्याला आत येऊ न देणं हे त्याच्या आयुष्याचं शास्त्र होतं. घड्याळाच्या पाठीमागच्या झाकणात रबराची बारीक रिंग असते, चावीची कळ स्क्रूसारखी पिळून आत बसते, दोनशे मीटर खोल पाण्याचा दाब आला तरी थेंब शिरत नाही, हे त्याने मला किती वेळा सांगितलं असेल! "आपला पंपबी असाच रायते, दादा. सील बरोबर बसलं त कुआ गच्च भरला तरी कोरडा. अन् सील गेलं त वीतभर पान्यातबी खल्लास." मग ओठांवरून जीभ फिरवत तो म्हणायचा, "दोनशे मीटर पानी! अन् मले तीन पेले." आणि हसायचा. त्याच्या त्या हसण्याचा मला राग यायचा. रडला असता तर मला निदान समजूत तरी घालता आली असती.

त्या घड्याळाच्या तबकडीभोवती एक कडं असतं, मिनिटांच्या खुणांचं. पाण्यात उडी मारताना पाणबुड्या त्या कड्यावरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो; मग काटा सरकत जातो आणि किती वेळ गेला, किती हवा उरली, हे नजरेच्या एका फेऱ्यात कळतं. यातली खुबी विनूने मला सांगितली तेव्हा मी मनोमन त्या अनाम कारागिराला दंडवत घातला. ते कडं एकाच दिशेने फिरतं. खडकाला धडकून चुकून सरकलंच, तर जास्त वेळ गेलाय असंच ते दाखवणार; कमी कधीच नाही. पाणबुड्या फसलाच तर लवकर वर येईल, खाली अडकणार नाही. चूक व्हायचीच तर ती जिवाच्या बाजूने व्हावी, अशी व्यवस्था! माणसाच्या मनाला कुणी असं कडं का नाही बसवलं? माझं मन नेमकं उलट्या दिशेने फिरत होतं. अजून वेळ आहे, अजून पुष्कळ वेळ आहे, असंच ते दर वेळी दाखवायचं. आधी विद्यापीठाच्या परीक्षा होत्या, मग कॉलेजात तपासणी समिती येणार होती, मग मुलीच्या लग्नाची बोलणी. आणि हे सगळं संपल्यावर काय आडवं आलं, ठाऊक आहे? पितृपक्ष! वर्गात ज्या पितृपक्षाची मी वर्षानुवर्षं यथेच्छ टिंगल केली, तोच मी पुढे केला. "पंधरवडा जाऊ दे, विनू. चांगल्या कामाला हे दिवस नकोत." "बरं," विनू म्हणाला. "मंग वैमानिकाचं पाहू आता."

वैमानिकाचं घड्याळ पाण्यापावसाचं नव्हे. त्याचे गुण वेगळे. काळीशार तबकडी, त्यावर पाटीवर लिहावेत तसे ठसठशीत पांढरे आकडे, बाराच्या जागी त्रिकोण. विमान हेलकावे खात असताना, डोळ्यांवर झापड येत असताना, एका दृष्टिक्षेपात वेळ कळावी म्हणून. चावीची कळ बोराएवढी, हातमोजे घालूनही फिरवता यावी अशी. कळ बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. सगळे वैमानिक एकाच क्षणी कळ दाबतात आणि सगळ्यांची घड्याळं एका ठोक्यावर चालू लागतात. हे मला फार आवडलं. मी त्यावर विनूला छोटंसं व्याख्यानच दिलं. सहजीवन, समकाल, वगैरे. डायलिसिसच्या पलंगावर पडलेल्या माणसाला! शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबुवांनी कूस बदलली. विनू शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "दादा, तू लय मस्त बोलते. खरंच." यात टोमणा होता का? मी तेव्हा नाही मानलं. आज मला झोप लागत नाही ती अशाच वाक्यांमुळे.

मी घाबरलो होतो. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला घड्याळांचा केवढा वळसा घ्यावा लागला पाहा! मला भुलीची भीती होती, बरगडीखालच्या त्या वीतभर छेदाची भीती होती, आणि उरलेलं एकच मूत्रपिंड उद्या दगा देईल याची तर होतीच होती. मी रात्रंदिवस मोबाइलवर दात्यांच्या कहाण्या वाचायचो. शंभर सुखरूप असले तरी माझा डोळा बिनसलेल्या एकावरच जाऊन बसायचा. बायकोने एकदाच विचारलं, "तुमच्या मनात नसेल तर सांगून का टाकत नाही?" मी तिच्यावर इतका खेकसलो की पुन्हा तिने तो विषय काढला नाही. नाही म्हणणं म्हणजे नीचपणा, आणि मी नीच नाही, मी तर मोठा भाऊ आहे, गावात मान असलेला माणूस आहे! म्हणून मी हो म्हणत राहिलो आणि जात नव्हतो. घड्याळाचंही तेच. "तू सांगशीन ते घेऊ," विनू म्हणायचा, आणि मी म्हणायचो, "अजून थोडं पाहू." कारण एकदा घड्याळ ठरलं की आमच्यात बोलायला दुसरं काय उरलं असतं?

शेवटी त्यानेच ठरवलं. दिवाळीच्या थोडं आधी दुकानावर पार्सल आलं. वैमानिकाचं. "पानबुड्याचं कायले? पान्याचं नावच नको आता," तो म्हणाला. उजव्या हातावर ते बांधून तो गिऱ्हाइकांना हात उगाच लांब करून दाखवायचा. पण चारच दिवसांत घड्याळ पुढे पळायला लागलं. एका दिवसात पाच मिनिटं, मग आठ. मला वाटलं, स्वस्तातला माल, फसलास. विनूला खरं कारण कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा! मीच येडा, दादा!" मोटारींच्या आणि तारेच्या वेटोळ्यांच्या त्या दुकानात चुंबकत्व हवेसारखं पसरलेलं. घड्याळाच्या आत केसाएवढी स्प्रिंग असते. तिला चुंबकाची बाधा झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धापा टाकत पळू लागतं. सेलच्या घड्याळाने तीस वर्षं ही गोष्ट त्याला कधी कळूच दिली नव्हती.

मग त्याने जे केलं ते मी दुकानातल्या तिपाईवर बसून पाहिलं. त्याने तांब्याची बारीक तार घेतली आणि बांगडीएवढं एक वेटोळं गुंडाळलं. इतक्या निगुतीने, की एक फेरा दुसऱ्यावर चढला नाही. डावा हात जपून, सगळं उजव्याने. वेटोळ्यात वीज सोडली. ते गुणगुणू लागलं. घड्याळ त्याच्या मधोमध धरून त्याने हात सावकाश, अगदी सावकाश मागे घेत नेला, दारापर्यंत. "घाई केली त फिरून चिकटते," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी घड्याळ बरोबर चाललं. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो आजारानंतर मी पहिल्यांदा पाहिला, आणि त्या उजेडाचा फायदा घेऊनच की काय, त्याने विचारलं, "दादा, डिसेंबरात जाऊ ना आपन नागपूरले?" मी म्हणालो, "हो तर! जाऊ की." त्याने पुन्हा विचारलं नाही. नळाखाली हात धुतले, ओला तळवा ओठांवर टेकवला आणि शटर ओढलं.

डिसेंबर आलाच नाही. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी त्याच्या छातीत पाणी भरलं. यवतमाळच्या वाटेवर, गाडीत, शोभाच्या खांद्यावर मान टाकून तो गेला. डॉक्टरांनी दिलेलं स्पष्टीकरण मला समजलं, पण मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं, की माझा भाऊ सागाच्या कोरड्या जंगलात बुडाला. शेहेचाळीस वर्षांचा होता. मी आदल्याच संध्याकाळी कॉलेजच्या गॅदरिंगची कार्यक्रमपत्रिका तपासत बसलो होतो.

तेरावं झालं. गावाने मला धीर दिला. तुम्ही तर द्यायला तयार होता सर, त्याचंच नशीब खोटं, असं दहा जण म्हणाले आणि दहाही वेळा मी मान हलवली! मग एका दुपारी शोभा त्याची दवाखान्याची पिशवी घेऊन घरी आली. कागद लावायचे होते. कुठले ठेवायचे, कुठले टाकायचे, ते तिला समजत नव्हतं. आम्ही जमिनीवर बसलो. चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, सोनोग्राफीचे काळे पत्रे. त्यांत एक कोरा अर्ज निघाला, नागपूरचा, आमच्या त्या पहिल्या भेटीच्या तारखेचा. मरणोत्तर दान केलेलं मूत्रपिंड ज्यांना हवं असतं, त्यांची एक यादी असते. त्या यादीत नाव घालण्याचा अर्ज. वर फक्त विनूचं नाव लिहिलेलं, त्याच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि पुढचं सगळं रिकामं. "हा भरला का नाही?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

शोभाने अर्ज माझ्या हातातून घेतला, मांडीवर सरळ केला. तिच्या आवाजात आरोप नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी लय मांगं लागलती, भाऊजी. भरून टाकाजी, म्हनलं, कायी सांगता येते का? त ते म्हनत, दादा हो म्हनला हाये न. मंग दुसऱ्या कोन्या गरिबाची जागा आपन कायले अडवाची? ज्याले भाऊ नाही त्याचं नाव लागू दे तिथं."

तिने चहा घेतला नाही. टाकायचे कागद एका बाजूला, ठेवायचे दुसऱ्या बाजूला, असे दोन गठ्ठे करून ती निघून गेली. अर्ज तिने ठेवायच्या गठ्ठ्यात घातला होता.

तेव्हापासून मी एकच हिशेब उलटसुलट मांडतो आहे, आणि तो दर वेळी माझ्याच दारात येऊन थांबतो. मी शरीराचा तुकडा दिला नाही, हे माझं पाप मोठं, पण भीती माणसाला असते, आणि भीतीला कदाचित क्षमाही असेल. विनूने तर ती पहिल्याच दिवशी केली असती. मी त्याला ओळखतो. पण मी त्याला दुसरीही एक गोष्ट दिली नाही. ती द्यायला ना भूल लागली असती, ना टाके पडले असते, ना माझ्या अंगाला ओरखडा उठला असता. त्या चहाच्या टपरीवर, मोबाइल बाजूला सारून, मी त्याला नुसतं "नाही" म्हणालो असतो, तर त्या संध्याकाळी त्याने तो अर्ज भरला असता.